कारवानी कुत्रा आणि त्याचा माळ

जळोची हे आता वेगळं गाव म्हणून ओळखू येत नाही. बारामती वाढत वाढत त्याच्यापर्यंत आली आणि गाव नगरपालिकेच्या हद्दीत गेलं. बाजार समितीचा उपबाजार, नव्या वसाहती, चारपदरी रस्ते यांच्यामध्ये जुनं जळोची शोधावं लागतं. तरीही या बाजूने सकाळी लवकर फिरायला निघालं, तर एखाद्या वस्तीच्या दारात एक वेगळाच कुत्रा उभा दिसतो. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पाठीला लागलेलं पोट, उंच पाय. अनोळखी माणसाने हात पुढे केला, की तो भुंकत नाही, अंग चोरून मागे सरकतो. ‘कुठल्या जातीचा?’ असं विचारलं तर उत्तरं तीन प्रकारची मिळतात. कुणी ‘कारवानी’ म्हणतं, कुणी ‘मुधोळ’. तिसरं उत्तर जरा हसत येतं : ‘क्रॉस आहे. ग्रेहाउंड टाकलाय त्यात.’

पहिल्या दोन उत्तरांवर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. हा लेख तिसऱ्या उत्तराबद्दल आहे. शिकारीचा गुण वाढावा म्हणून कुत्र्यांचा संकर करणं ही आपल्याकडे अलीकडची खोड आहे, की जुनीच रीत? आणि तो संकर आज जातीच्या मुळावर येतो आहे असं वाटत असेल, तर पूर्वी तसं का झालं नाही?

रथावरचा कुत्रा, दगडावरचा कुत्रा

दख्खनमध्ये माणसाशेजारी कुत्रा फार पूर्वीपासून आहे. १९७४ मध्ये आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबाद इथे कांस्यशिल्पं सापडली. त्यांत बैलांचा रथ आहे, तो हाकणारा माणूस आहे, आणि रथाच्या दांडीवर एक छोटा कुत्रा उभा आहे. या शिल्पांच्या काळाबद्दल विद्वानांत वाद आहे, पण कुत्र्याबद्दल नाही.

शिकारी कुत्र्याची याहून बोलकी नोंद कर्नाटकातल्या आतकूरच्या शिलालेखात आहे. शक ८७२, म्हणजे इ. स. ९४९-५० मधला हा लेख. त्या वेळी महाराष्ट्रावर आणि कर्नाटकावर राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाची सत्ता होती. त्याचा मांडलिक गंग राजा बूतुग याने तक्कोलमच्या लढाईनंतर आपल्या मणलेर नावाच्या वीराला ‘काय हवं ते माग’ म्हटलं. मणलेराने राजाचा ‘काळी’ नावाचा कुत्रा मागून घेतला. पुढे या काळीला एका मोठ्या रानडुकरावर सोडलं, तेव्हा दोघांनीही एकमेकांचा जीव घेतला. मणलेराने काळीसाठी दगड उभारला, त्यावर ही झुंज कोरली आणि त्याच्या पूजेची व्यवस्था केली. लढाईत पराक्रम गाजवलेल्या माणसाला गावापेक्षा, सोन्यापेक्षा एक कुत्रा मोलाचा वाटला, ही यातली लक्षात ठेवण्याची गोष्ट. कुत्र्याचं कूळ लेखात सांगितलेलं नाही. सांगितलं आहे ते त्याने काय केलं एवढंच.

पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ सिद्ध केला, त्यातही राजाच्या विनोदांमध्ये कुत्र्यांना स्थान आहे. आणि आपल्या बारामतीपासून जवळच असलेल्या जेजुरीचा देव तर घोड्यावर बसलेला, सोबत कुत्रा असलेला आहे. शिकारीला निघालेल्या सरदाराचंच हे चित्र. खंडोबाचे वाघ्ये कोटंब्यात भिक्षा घेतात, देवाचे कुत्रे म्हणून भुंकतात. ज्या मुलखात कुत्र्याचं नाव शिवी म्हणून वापरतात, त्याच मुलखात देवाच्या दारी कुत्रा होणं हा मान आहे.

तांड्याबरोबर आलेला

‘कारवानी’ या नावातच त्याचा पत्ता आहे. कारवान म्हणजे तांडा. रेल्वे येण्यापूर्वी दख्खनच्या पठारावर धान्य आणि मीठ वाहून नेण्याचं काम बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे करत. फौजांनाही त्यांच्यावाचून चालत नसे. १८०३च्या मराठे-इंग्रज युद्धात आर्थर वेलस्लीच्या सैन्याच्या पोटाची मदार याच तांड्यांवर होती. तांड्यासोबत राखणीला आणि वाटेतल्या शिकारीला कुत्रे असत.

या कुत्र्याची पहिली शास्त्रीय म्हणावी अशी नोंद एका लष्करी अधिकाऱ्याने केली. विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून १८२४ पासून काही वर्षं दख्खन पायाखाली घालत होते. शेती, लोकसंख्या, पाऊस यांच्याबरोबर त्यांनी पक्षी आणि प्राणीही टिपले. १८३१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे त्यांनी दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी मांडली. रानातल्या कोळसुंद्याला त्यांनी दख्खनचंच नाव दिलं : ‘कॅनिस दख्खनेन्सिस’. त्याच यादीत त्यांनी पाळीव कुत्र्यांचे प्रकार नोंदवले. पहिला बंजाऱ्यांचा कुत्रा; इराणी ग्रेहाउंडसारखा दिसणारा, पण त्याहून ताकदवान. दुसरा गावोगावचा बेवारस कुत्रा. तिसरा घरात लाडाने पाळलेला, लहानखुरा, रेशमी केसांचा. आणि चौथा इतक्या आखूड केसांचा, की जणू उघडाच; त्याला इंग्रज लोक ‘पॉलिगार’ म्हणत.

या यादीत दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे, साइक्सनी कुत्रा ओळखला तो त्याच्या माणसांवरून आणि कामावरून. बंजाऱ्यांचा तो बंजाऱ्यांचा कुत्रा. कागदावरची वंशावळ कुठेच नाही. दुसरं म्हणजे, इराणी ग्रेहाउंडशी असलेलं साम्य. पश्चिम आशियातून व्यापाऱ्यांबरोबर, पठाण आणि अरब शिपायांबरोबर वेगवान कुत्रे दख्खनमध्ये येत राहिले, इथल्या कुत्र्यांत मिसळले, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आजही कानावर, शेपटीवर लांब केसांच्या झालरी असलेल्या कारवानीला ‘पश्मी’ म्हणतात, आणि ‘पश्म’ हा लोकरीसाठीचा फारसी शब्द आहे. म्हणजे ज्याला आपण आज ‘शुद्ध’ कारवानी म्हणतो, तो मुळात संकरातूनच घडला असण्याची शक्यता मोठी आहे.

मग तांडे मोडले. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली आणि बैलांच्या पाठीवरचा व्यापार संपत गेला. कुत्रा मात्र राहिला. धनगरवाड्यांवर राखणीचा दांडगा कुत्रा होताच. त्याच्या बाजूला आता हा बारीक अंगाचा, नजरेने सावज टिपणारा कुत्रा पारध करणाऱ्यांच्या आणि माळावरच्या शेतकऱ्यांच्या दारी आला.

‘बाप रे’ची टोळी

इंग्रज अधिकाऱ्यांना शिकारीचा नाद होता, पण विलायती कुत्रे इथे टिकत नसत. ऊन, गोचीड आणि ताप यांनी ते झटपट खचत. त्यामुळे छावणीतले तरुण अधिकारी मिळेल ते गोळा करत : एखादा ग्रेहाउंड, दोन टेरियर, चार गावठी. अशा सरमिसळ कळपाला ते ‘बॉबरी पॅक’ म्हणत आणि कोल्ह्यामागे सोडत. युल आणि बर्नेल यांच्या १८८६ मधल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाने ‘बॉबरी’ शब्दाचं मूळ आपल्या ‘बाप रे’मध्ये शोधलं आहे. या कळपांतून काय पैदास झाली असेल, याची कल्पना करणं अवघड नाही.

काही ठिकाणी हे योजून झालं. उत्तरेत रामपूरचे नवाब अहमद अली खान (राजवट १७९४ ते १८४०) यांनी अफगाणी ताझीचा इंग्रजी ग्रेहाउंडशी संकर करून रामपूर हाउंड घडवला, असं सांगितलं जातं. ताझीची चिवटाई आणि ग्रेहाउंडचा वेग एकाच अंगात आणायचा, हा हिशेब.

हिशेब नवा नव्हता. खुद्द इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात लॉर्ड ऑर्फर्ड यांनी आपल्या ग्रेहाउंडमध्ये बुलडॉगचं रक्त आणलं. हेतू एकच, ग्रेहाउंडला धाडस यावं. मग त्या संततीचा पुन्हा पुन्हा ग्रेहाउंडशीच संकर केला. सहा-सात पिढ्यांत बुलडॉगचं रूप पुसून गेलं आणि धाडस राहिलं, अशी ही हकिकत डार्विनने आपल्या लेखनात उदाहरण म्हणून घेतली आहे. संकर म्हणजे दोन रंग एकत्र ओतणं नव्हे. परकं रक्त एकदा घ्यायचं, आणि मग हवा तो गुण ठेवून बाकीचं पिढ्यान्‌पिढ्या निवडीने बाहेर काढायचं, हे त्यातलं खरं काम. निवडीशिवाय संकराला अर्थ नाही.

माळाची परीक्षा

बारामती-इंदापूरकडच्या माळावर ही निवड कोण करत होतं? याचं उत्तर माळ असंच द्यावं लागतं.

हा पावसाच्या छायेतला मुलूख. मुरूम, खडक, कुसळी गवत, मधे बोरी-बाभळी. ससा, खोकड, कोल्हा, चिंकारा, लांडगा यांचं हे घर. इथे सावज दडायला झाडी नाही, म्हणून वास घेत फिरणाऱ्या कुत्र्यापेक्षा दुरून हालचाल टिपणारा कुत्रा उपयोगी. ससा सरळ पळत नाही, ऐन वेळी वळतो. ग्रेहाउंडचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या वर जातो, पण तो अर्ध्या-पाऊण मिनिटाचा खेळ. सपाट धावपट्टीवर तो राजा आहे. मुरमाड जमिनीवर, उन्हात, वळणावळणाच्या पाठलागात पातळ कातडीचा आणि नाजूक पंजांचा कुत्रा फाटतो, लंगडतो. कारवानी वेगात थोडा मागे, पण पंजा कठीण, अंग चिवट, भाकरीच्या तुकड्यावर जगणारा.

म्हणून संकर करणाऱ्याला दोन्ही हवे असत. पहिल्या पिढीची पिल्लं अनेकदा देखणी आणि जोरकस निघतात, कारण दोन दूरच्या रक्तांचा मेळ झालेला असतो. हे अंतर दिसतं त्याहून मोठं असावं. २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ८५ जातींच्या ४१४ कुत्र्यांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सालुकी आणि अफगाण हाउंड हे प्राचीन गटात आले, पण ग्रेहाउंड मात्र युरोपातल्या अर्वाचीन जातींसोबत. अंगकाठी सारखी म्हणून नातं सख्खं असं नाही. पळण्याच्या कामाने वेगवेगळ्या घराण्यांना सारखा आकार दिला. पण याच पिल्लांची आपसांत पैदास केली की दुसऱ्या पिढीत गुण विस्कटतात. एक पिल्लू ग्रेहाउंडसारखं, दुसरं कारवानीसारखं, तिसऱ्यात दोघांचे दोष. खरी परीक्षा तिथे असते.

आणि ती परीक्षा माळ घेत असे. जो कुत्रा वैशाखात धापा टाकत बसला, ज्याचे पंजे सोलले, जो वळणावर चुकला, त्याच्याकडे कुणी कुत्री घेऊन येत नसे. ज्याने ससा आणला, त्याची पिल्लं मागायला दहा वाड्यांवरून माणसं येत. यात क्रौर्य होतं, नाकारण्यात अर्थ नाही. नको असलेल्या पिल्लांचं काय होई, हे कुणी मोठ्याने सांगत नाही. पण या रीतीने संकर पचवला जात होता. बाहेरचं रक्त आलं, तपासलं गेलं, कामाचं तेवढं उरलं. ‘जातिवंत’ हा आपला शब्द बैलाला, घोड्याला आणि कुत्र्याला सारखाच लागतो, आणि तिन्ही ठिकाणी तो कागदापेक्षा कामावरून ठरत असे.

नाव मिळालं मुधोळला

या कुत्र्याला राजाश्रय आणि जगात नाव मिळालं ते कृष्णेच्या पलीकडे. मुधोळ हे घोरपड्यांचं मराठी संस्थान. त्याच्याच मुलखातल्या हलगलीच्या बेडरांनी १८५७ मध्ये हत्यारं सरकारजमा करायला नकार दिला होता आणि त्यांचं बंड इंग्रजांनी निर्दयपणे मोडलं होतं. या शिकारी लोकांकडचे बारीक, वेगवान कुत्रे राजे मालोजीराव घोरपडे यांनी पारखले, आपल्याकडे निवडून त्यांची पैदास केली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडभेटीत पाचव्या जॉर्जला एक जोडी भेट दिली, अशी हकिकत सांगितली जाते. तिथून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झालं. हत्यार काढून घेता आलं तरी कुत्रा काढून घेता आला नव्हता, असं या दोन घटना शेजारी ठेवल्यावर मनात येतं.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विजापूर जिल्ह्याबरोबर मुधोळही म्हैसूर राज्यात गेलं. कुत्र्याला सीमा नव्हती, पण नावाला आली. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला ‘कॅरव्हान हाउंड’ म्हणून नोंदवतो. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे ‘मुधोळ हाउंड’ ही कर्नाटकाची जात म्हणून नोंद आहे. २००५ मध्ये टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढलं ते मुधोळ नावानेच. मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, लष्करानेही हे कुत्रे प्रशिक्षणासाठी घेतले. आपल्याकडे लातूर, सोलापूर, सांगलीपासून बारामती-इंदापूरपर्यंत तोच कुत्रा विखुरलेला आहे. १९६३ मध्ये डब्ल्यू. व्ही. सोमण यांनी ‘द इंडियन डॉग’ हे पुस्तक मुंबईहून प्रसिद्ध केलं, तेव्हापासून देशी जातींच्या नोंदी ठेवा असं जाणकार सांगत आले आहेत. आपण त्या पुरेशा ठेवल्या नाहीत.

कसोटी गेली

दोन बदलांनी हा सगळा व्यवहार संपवला. पहिला पाण्याचा. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ च्या सुमारास या भागात खेळू लागलं. १९३०च्या दशकात कळंबच्या माळावर वालचंदनगर उभं राहिलं, पुढे सहकारी कारखाने आले. भीमेवर उजनी झालं. ऊस वाढला तसा माळ आकसला. त्यात दुःख मानावं असं पाण्याने तहानलेल्या मुलखाला कुणी सांगू नये. पण उसाच्या फडात नजरेने शिकार करणाऱ्या कुत्र्याचं काम उरत नाही, हेही खरं.

दुसरा बदल कायद्याचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. या कायद्यातली शिकारीची व्याख्या केवळ बंदुकीपुरती नाही. मारणं, फासे लावणं, हुसकावणं यांच्याबरोबर सावजाचा कुत्र्यांकरवी पाठलाग करणं हीदेखील शिकारच, आणि तसा प्रयत्न करणं हीसुद्धा. हे योग्यच झालं. बारामती तालुक्यात सुप्याजवळ १९९७ मध्ये चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य झालं, त्याचं क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. एवढ्याशा माळावर सुटलेला एक कुत्राही पुष्कळ होतो. मात्र कायद्याचा जाच ज्यांना सर्वांत जास्त झाला ते पारधी समाजाचे लोक आधीच गुन्हेगार जमातीच्या शिक्क्याखाली भरडलेले होते. १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून गेला, पण पोटाचं साधन हातात आलं नाही. कुत्र्याची पारख ज्यांना होती, त्यांची विद्या अशी बिनकामाची ठरली.

आता संकर पूर्वीपेक्षा अधिक होतो, पण परीक्षा घेणारं कुणी नाही. जत्रेतल्या श्वानशर्यतींना सपाट धावपट्टीवरचा वेग हवा, म्हणून ग्रेहाउंडचं रक्त वाढत जातं. हौशी गिऱ्हाइकाला उंची आणि सडपातळपणा हवा, म्हणून पिल्लू डोळ्यांनी निवडलं जातं. चिवटाई, पंजा, ऊन सोसण्याची ताकद हे गुण दिसत नाहीत, म्हणून विकलेही जात नाहीत. खिलार बैलाला २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यतीचं मैदान परत दिलं आणि त्याच्या पैदाशीला कारण मिळालं. कारवानीला त्याचं जुनं मैदान परत देता येणार नाही, देऊही नये. मग त्याची कसोटी कोणती, हा प्रश्न उरतो.

माळावरचा दुसरा संकर

या गोष्टीला अलीकडे एक अनपेक्षित वळण मिळालं आहे. पुण्याच्या परिसरातल्या माळरानावर काही वेगळ्या रंगाचे लांडगे दिसले. जनुकीय तपासणीतून लांडगा आणि कुत्रा यांच्यात संकर झाल्याचा पुरावा २०२३ मध्ये पुढे आला. भारतीय लांडगा हा जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक. त्याला आता गोळीपेक्षा आपल्या सोडलेल्या, मोकाट कुत्र्यांच्या रक्ताचं आणि रोगांचं भय अधिक आहे.

शिकारी कुत्र्यात लांडग्याचं रक्त असावं, अशा गप्पा जुने शौकीन रंगवून सांगतात. तो संकर माणसाने न करताच घडला, आणि उलट्या दिशेने : कुत्र्याला लांडग्याचं बळ मिळालं नाही, लांडग्याच्या वंशात कुत्रा शिरला. निवडीशिवाय झालेला संकर काय करतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण नाही. वनविभागाने इंदापुरात कडबनवाडीला आणि बारामतीत शिर्सुफळला माळरान सफारी सुरू केली आहे. आता लोक पैसे देऊन लांडगा, खोकड, चिंकारा पाहायला येतात. ज्या माळावर कुत्रा सावजामागे सोडला जायचा, त्याच माळापासून त्याला दूर ठेवणं हे आता मालकाचं काम आहे.

म्हणून जळोचीच्या वस्तीवरचं ते तिसरं उत्तर मला सर्वांत प्रामाणिक वाटतं. ‘शुद्ध मुधोळ’ किंवा ‘अस्सल कारवानी’ म्हणणाऱ्याकडे बहुधा पुरावा नसतो. ‘क्रॉस आहे’ म्हणणारा निदान खरं सांगतो. त्याच्या पुढची पायरी अवघड नाही. कोणत्या कुत्रीवर कोणता कुत्रा दिला, कोणत्या साली, किती पिल्लं झाली, त्यांतली कोणती उन्हात टिकली, हे एका वहीत लिहून ठेवायचं. ससा सोडायची गरज नाही, दोरीला बांधलेल्या चिंधीमागे मुरमाड जमिनीवर पळवलं तरी पंजा आणि दम कळतो. पूर्वी ही वही माळाच्या पाठीवर लिहिली जात होती. आता ती कुणाला तरी घरी लिहावी लागेल.